कटिंग, सिगारेट आणि ५.९

रिपोर्टमधला आकडा बघून आधी वाटलं, लॅबवाल्यांनी बाबांचं सॅम्पल माझ्या नावावर चढवलं. एचबीए१सी ५.९. वय अठ्ठावीस, वजन नॉर्मल, गोड फारसं आवडत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "५.७ च्या पुढे सावध राहायचं गं. बाबांना शुगर आहे ना? आणि सिगारेट ओढतेस?" आई शेजारच्याच खुर्चीत. मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते बाईंनी बरोबर ओळखलं.

शुगरचा आणि सिगारेटचा काय संबंध? रात्री डेडलाइन बाजूला ठेवून शोधत बसले. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून रिपोर्टमध्ये तीन महिन्यांचं पाप दिसतं. आता पुढचं ऐका. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या डिकरसन आणि जांडा यांनी दाखवलं, की तंबाखूतलं नॉरनिकोटीन रक्तातल्या साखरेशी जोडी जमवतं आणि ही जोडी थेट आपल्या प्रथिनांना चिकटते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात अशी बिघडलेली प्रथिनं जास्त सापडली. म्हणजे धूर काही फक्त फुप्फुसात थांबत नाही!

मेथ नावाचा ड्रगही हेच करतो. त्यावर मी 'ते पार्टीवाल्यांचं, आपलं काय' म्हणून पान बंद करणार होते. पण २००७ चा उंदरांवरचा प्रयोग वाचला आणि थांबले. ड्रग स्वतःहून घेणाऱ्या उंदरांच्या शरीरात त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडीज तयार झाल्या होत्या. आपल्याच घरातल्या माणसाचा चेहरा इतका बदलावा, की वॉचमनने त्याला गेटवर अडवावं, तसं काहीसं.

माझे ५.९ सिगारेटमुळेच, असं नाही म्हणता येणार. बाबांचा वाटा आहेच. पण सिगारेट ओढणाऱ्यांना टाइप टू डायबिटीसचा धोका ३० ते ४० टक्के जास्त असतो, आणि बाबांची पायाची जखम चार महिने भरत नव्हती, तेव्हा ड्रेसिंग मीच करत होते. मध्येच खाली जाऊन एक ओढून यायचे, टेन्शन म्हणून.

पुढचं रक्त तीन महिन्यांनी द्यायचंय. आज एकोणिसावा दिवस. टपरीवरचे काका कटिंगबरोबर सवयीने पाकीट पुढे सरकवतात, मी परत सरकवते. आईने अजून काही विचारलेलं नाही. फक्त चहात साखर घालणं तिने बंद केलंय, माझ्याही.