जीप बांधणाऱ्या मिस्त्रीकडून शिकण्यासारखं



आज पिकाचं काही नाही, लोखंडाचं आहे. तरी वाचा, कारण आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी आता वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आलंय आणि ट्रॉली, पेरणी यंत्र, फवारणीचा सांगाडा असं काहीबाही आपण स्वतःच जोडत असतो.

सुरुवात पुतण्यापासून झाली. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गाडी तुम्हाला आठवत असेल. कडेगाव तालुक्यातला फॅब्रिकेशनचं काम करणारा माणूस. भंगारातून, साधारण साठ हजारांत चारचाकी उभी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि जानेवारी 2022 मध्ये आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात गाडी बनवायचं वेड शिरलं. पुतण्याने जुन्या दुचाकीचं इंजिन आणलं, पोत्यात बांधून गोठ्यात ठेवलं आणि म्हणाला, "काका, दिवाळीपर्यंत गाडी फिरवतो."

त्याला नाही म्हणायचं मनात आलं नाही. हौस आहे, हात चांगला आहे. पण व्हिडिओ पाहून गाडी बांधली तर हातपाय मोडतील ही भीतीही होती. म्हणून त्याला म्हटलं, आधी बांधणाऱ्याला बघ. तालुक्याला एक मिस्त्री जुन्या महिंद्रा जीपा मुळापासून उघडून परत उभ्या करतात. त्यांच्याकडे एका जीपचं काम सुरू होतं. आम्ही दोघं सवड मिळेल तसं जाऊन बसत होतो. जे पाहिलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, मिस्त्री पाना लगेच हातात घेत नाहीत. आधी गाडीभोवती फिरतात, मोबाइलवर फोटो काढतात. मग प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. इंजिन उघडलं तेव्हा पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचले. पुतण्याने विचारलं, "सगळे सारखेच आहेत की, मामा?" ते म्हणाले, "दिसायला सारखे. पण प्रत्येकजण आपापल्या जागी झिजलेला आहे." कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचं तर जास्तच. एकाची टोपी दुसऱ्याला लावली की बेअरिंग गेलंच समजा. आपल्याकडेही मोटर, पंप, फवारणी यंत्र खोलताना हीच सवय हवी.

दुसरी गोष्ट मापाची. चासी सरळ आहे का हे त्यांनी डोळ्याने ठरवलं नाही. चासीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या, चासी बाजूला घेतली आणि सुतळीने खुणांची तिरकी मापं घेतली. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. दोन्ही सारखी आली तर चासी गुण्यात, नाही तर कुठेतरी वाकलीय. वाकलेल्या चासीवर कितीही चांगलं इंजिन बसवा, गाडी एका बाजूला ओढणार आणि टायर खाणार. हीच सुतळी कांदाचाळीला किंवा शेडला चालते. 30 बाय 40 फुटांचा पाया आखला तर दोन्ही तिरकी मापं बरोबर 50 फूट आली पाहिजेत. खांब गाडण्याआधी पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट वेल्डिंगची. आमच्या शिवारात मागच्या हंगामात उसाने भरलेली ट्रॉली चढावर हुक तुटून मागे गेली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. हुकावरचा जोड पाहिला तर रंगावर आणि गंजावरच वेल्डिंग मारलेलं होतं. वरून जाड, आत पकड नाही. मिस्त्री जोडाची जागा ग्राइंडरने चकचकीत करतात. मग नुसते टाके मारतात, पुन्हा माप घेतात आणि मग एकदा इकडे, एकदा तिकडे असं थोडं थोडं वेल्डिंग करतात. एका बाजूने सलग ओढलं तर उष्णतेने लोखंड त्या बाजूला ओढलं जातं आणि सगळं माप जातं.

त्यांच्याकडून टिपून घेतलेल्या आणखी काही बाबी:

– गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या. अर्थची क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावायची. लांब लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात.
– रॉड ओलसर असले तर जोडाला भोकं पडतात. पाकीट कोरड्या जागी ठेवायचं.
– जीआय पाइपवर वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने थंडी वाजून ताप येतो. वरचा मुलामा घासून काढायचा आणि उघड्यावर काम करायचं.
– डिझेल-पेट्रोलचा रिकामा ड्रम कधीच कापायचा किंवा जोडायचा नाही. आत वाफ असते, ठिणगी पडली की ड्रम फुटतो.
– स्टिअरिंगचे भाग वेल्डिंगने जोडायचे नाहीत. तुटला किंवा वाकला तर नवाच टाकायचा.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. रंग देण्याआधी सगळी गाडी एकदा कोरडी जोडायची. बॉडी बसते का, दार लागतं का, पाइप कुठे घासतोय का, सगळं बघायचं. मग परत उघडून रंग. पुतण्याला ही दुप्पट मेहनत वाटली. पण रंग झाल्यावर भोक पाडायची वेळ आली तर तिथूनच गंज सुरू होतो.

आपली कोरडी जोडणी म्हणजे पेरणी यंत्राची तपासणी. यंत्राचं चाक उचलून धरा आणि हाताने 25 फेरे फिरवा. समजा चाकाचा घेर 1.6 मीटर आहे, म्हणजे यंत्र 40 मीटर चाललं. पाच फण 45 सेंटीमीटरवर असतील तर रुंदी 2.25 मीटर. झालं 90 चौरस मीटर, म्हणजे एकराचा साधारण 45 वा भाग. खाली धरलेल्या पिशव्यांत मिळून 600 ग्रॅम सोयाबीन पडलं तर एकरी 27 किलो पडणार. प्रत्येक फणाची पिशवी वेगळी मोजली तर कोणता फण कमी सोडतोय तेही कळतं. रानात चाक थोडं घसरतं, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी पडेल हे धरून चाला. पाऊस झाल्यावर वाफशात घाई असते, तेव्हा हे होत नाही. म्हणून आधीच करायचं.

पाचवी गोष्ट, एवढा जाणकार माणूस सगळं स्वतः करत नाही. क्रँक घासायला लेथवाल्याकडे, डिझेल पंप पंपवाल्याकडे. "ज्याचं मशीन त्याच्याकडे," एवढंच म्हणतात. जे स्वतः करतात तेही अंदाजाने नाही. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. हाताला जोर आहे म्हणून कुणी जास्त आवळत नाही. आणि पहिली चक्कर मारून आली की चाकांचे नट पुन्हा तपासायचे, हे ठरलेलंच.

व्हिडिओत हे दिसत नाही. वीस मिनिटांच्या व्हिडिओत ठिणग्या दिसतात, शेवटी गाडी पळते. प्रत्यक्षात कामाचा निम्म्याहून जास्त वेळ खरवडणं, धुणं आणि मोजणं यात जातो.

एके दिवशी पुतण्याने धीर करून आपल्या गाडीचं चित्र दाखवलं. इंजिन कुठे, चेन कुठे, सीट कुठे, सगळं होतं. मिस्त्रींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "थांबणार कशी?" चित्रात ब्रेक नव्हता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी थांबायचं बांध, मग वळायचं, मग पळायचं."

रस्त्याचाही प्रश्न होताच. देवराष्ट्र्याच्या गाडीबद्दल आनंद महिंद्रांनी स्वतःच म्हटलं होतं की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या थांबवली जाईल. रस्त्यावर यायचं तर गाडी मंजूर नमुन्याची लागते, नोंदणी लागते, विमा लागतो. असलेल्या गाडीतही मनाने बदल करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. म्हणून घरात ठरलं की गाडी बांधायची, पण ती बांधाच्या आतच चालेल.

सध्या चासीचे टाके मारून झालेत, तिरकी मापं जुळलीत, मागच्या धुऱ्याला ब्रेक बसलाय. इंजिन अजून पोत्यातच आहे. दिवाळी होऊन गेली, त्याची त्याला घाई नाही.

मंडळी, तुमच्या जवळपास असा मिस्त्री, लोहार, लेथवाला असेल तर पोरांना चार दिवस त्याच्याकडे नुसतं बसायला पाठवा. चहा आपण पाजायचा, मध्ये बोलायचं नाही, हाताकडे बघायचं. आणि आज संध्याकाळी एक काम करा: आपल्या ट्रॉलीचा हुक वायर ब्रशने घासून जोडाला चीर गेलीय का ते बघा. हंगाम तोंडावर आहे.