चाकांवरचं बिऱ्हाड

पर्थला धाकट्या भाऊजींकडे महिनाभर राहून आम्ही दोघं ऑगस्टमध्ये ॲडलेडला घरी परत निघालो, ते मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून. सुमारे २७०० किलोमीटर! कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोलीच. बिछाना, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी. "मजा आहे बाई तुमची," असं तुम्ही म्हणाल. मजा आहेच, पण हा संसार लावायचा कसा ते आधी ऐका.

तांदूळ, डाळी, कुकर असलं जड सामान नेहमी खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवायचं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर यायला हवा. मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते ना, त्यातलाच प्रकार. फक्त इथे ताशी ९० च्या वेगात सगळी खोली शेपटासारखी डोलू लागते आणि मोटारीलाही ओढते. दोन-दोन डबे जोडलेले लांबलचक ट्रक शेजारून गेले की त्यांच्या वाऱ्याने आधीच धक्का बसतो. गाडी कशी चालवली याचं कौतुक सगळे करतात. ती भरली कोणी, हे कोणी विचारत नाही!

नॉर्समन गावापासून नलारबॉरचा रस्ता लागतो. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ 'झाड नाही'. पूर्ण डांबरी व्हायला या रस्त्याला १९७६ साल उजाडलं. बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यानचा १४६ किलोमीटरचा टप्पा तर सरळ रेघ. एक वळण नाही. काही ठिकाणी रस्त्यावरच पांढरे पट्टे आखलेत, आजाऱ्याला न्यायला विमान उतरावं म्हणून. पाण्याची सगळीकडे टंचाई. भांडी आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची.

कायगुनाला जावईबापूंचा फोन आला. लेकीचं ब्लडप्रेशर वाढलंय, दवाखान्यात ठेवलंय, बाळंतपण आता केव्हाही. खरं तर तीन आठवडे बाकी होते. ह्यांचा चेहरा उतरला. "रात्रभर चालवतो," म्हणाले. त्यात तिथून पुढे घड्याळ पाऊण तास पुढे करावं लागतं, म्हणजे दिवस आणखीच सरल्यासारखा.

मी म्हटलं, नाही. अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि मागे एवढं ओझं असताना गाडी पटकन थांबत नाही. माझा जीव काय लेकीत नव्हता? पण आमचंच काही झालं तर तिने कुणाकडे पाहायचं? बरीच वादावादी झाली. शेवटी सूर्य मावळायच्या आत माडुराला गाडी लावली. हे जेवलेसुद्धा नाहीत.

मी मात्र शेगडी पेटवली. पुढे सेडुनाच्या नाक्यावर फळमाशीच्या भीतीने ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या काढून घेतात; शिजवलेलं चालतं. टोमॅटोचं सार केलं, मिरच्या परतून ठेचा केला. लिंबं तेवढी नाक्यावर द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडल्यावर निघालो आणि आळीपाळीने चालवलं. वाटेत 'हेड ऑफ बाइट'चा फाटा लागला. थंडीत तिथे देवमाशांच्या माद्या पिलांना घेऊन किनाऱ्याजवळ येतात. जाताना वेळ नव्हता, म्हणून परतीला बघायचं ठरलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला पुढे." त्या रात्री सेडुनाला मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ॲडलेड गाठलं, तेव्हा नात चार तासांची झाली होती. त्या रात्री थांबलो नसतो तर वेळेवर पोचलो असतो, असं हे अजून म्हणतात. म्हणोत बापडे! दवाखान्याच्या आवारात कॅरॅव्हॅनला जागा नव्हती. ह्यांना ती दोन गल्ल्या सोडून लावावी लागली. तोवर बाळ माझ्या मांडीवर होतं.