खाडीतील खुणा

कुंडलिका नदी सह्याद्रीतून उतरते, भिरा, कोलाड ही गावे मागे टाकीत रोह्यास येते, आणि तेथे तिचा स्वभाव पालटतो. तोवर एकाच दिशेने खळाळत धावणारी ही नदी रोह्याच्या खाली खाडी होते. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा मागे फिरतो. आगगाडी आणि पक्क्या सडका होण्यापूर्वी या मुलखातील भात, मीठ, लाकूड हे सारे पाण्यावरूनच जात असे. पेणजवळच्या अंतोरे बंदरात काय किंवा रोह्याच्या बंदरात काय, गलबते येत ती भरतीची वेळ साधून.

पेण व रोहे येथील काही विद्यार्थी एका हिवाळ्यात आपल्या गुरुजींसह या जुन्या वाटेने रेवदंड्यास निघाले. मचव्यावर आता यंत्र बसविलेले होते. तरी डोलकाठी जागेवर होती, आणि मुलांच्या आग्रहास्तव वृद्ध तांडेलाने शीड उभारण्याचे कबूल केले होते.

"काका, भरती केव्हा येणार हे तुम्हांस कसे कळते?" एका मुलाने विचारले.

"आज तिथी कोणती?"

"नवमी."

"मग नवाची पाऊणपट कर."

मुलाने बोटांवर हिशेब केला. "पावणेसात."

"त्या सुमारास समुद्राकाठी भरती पुरी होते. इथवर पाणी चढायला आणखी वेळ लागतो. मग ओहोटी लागली की आपण सुटायचे."

तसेच झाले. पाणी क्षणभर थबकले आणि हळूहळू समुद्राकडे सरकू लागले. हिवाळ्यातील सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वाराही मदतीस आला. शीड फुगले. उत्तरेस अवचितगडाचा डोंगर उभा होता. काठावर तिवरांची दाट हिरवी झाडी आणि तिच्यामागे खारे पाणी अडविणारे मातीचे बांध दिसत होते. पुढे खाडी रुंदावत गेली. एवढे पाणी पाहून मुलांना वाटले, आता नाव कोठूनही न्यावी! परंतु तांडेलाची नजर पाण्यात रोवलेल्या बांबूंवर होती. खोल पाण्याची वाट कोठून जाते, हे ते बांबू सांगत होते.

एका वळणावर मात्र बांबू दिसेना. तांडेलाने शीड उतरविले, वेग कमी केला. तोच मचव्याचा तळ चिखलाला घासला. नाव थांबली. ओहोटीचे पाणी तर भराभर उतरत होते. तेथेच रुतून बसले असते, तर पुढची भरती येईपर्यंत सुटका नव्हती. खलाशांनी लांब काठ्या चिखलात रोवून जोर लावला, थोरली मुले त्यांच्या मदतीस धावली, आणि पाव घटकेच्या झटापटीनंतर नाव पाण्यात सरकली.

"कोणीतरी बांबू उपटून नेलेला दिसतो," तांडेल एवढेच म्हणाला.

साळावच्या पुलाअलीकडे सारे उतरले. समोर, खाडीच्या मुखाशी, रेवदंड्याचा किल्ला होता. अहमदनगरच्या निजामशाहीकडून १५२१ साली परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी तो बांधण्यास आरंभ केला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. आज त्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांच्यामधून पडक्या चर्चच्या भिंती आणि सातखणी नावाचा मनोरा डोके वर काढतात. पलीकडच्या तीरावर कोर्लईचा किल्ला आहे. त्या गावातील काही कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा आजही घरात बोलतात.

किल्ल्याच्या उत्तरेस चौल. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात त्याचे नाव 'सेमिल्ला' असे येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ते 'चेमुल' आहे. पंधराव्या शतकात निकितिन हा रशियन व्यापारी भारतात आला, तोही याच बंदरात उतरला. पुढे मुंबईचे बंदर वाढले आणि चौलचा व्यापार ओसरला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळापासूनच्या वस्तीचे अवशेष मातीखाली सापडले.

जुना हमामखाना पाहून मंडळी एका वाडीच्या कडेने चालली असता पेणचा एक मुलगा मागे राहिला. त्याचे वडील गणपतीच्या मूर्ती घडवीत. मातीची पारख त्याच्या बोटांत होती. चिखलातून वर आलेला, निळसर हिरव्या चकाकीचा एक खापराचा तुकडा त्याने उचलला होता.

"गुरुजी, ही माती आपल्याकडची नव्हे!"

गुरुजींनी तुकडा निरखून पाहिला. "इराण-इराकच्या बाजूची अशी चकाकीची भांडी जहाजांतून इकडे येत. हेही तसलेच असावे."

मुलाचा चेहरा उजळला. "मी हे शाळेत नेतो. काचेच्या कपाटात ठेवू."

गुरुजी काही बोलण्यापूर्वीच तांडेल हसून म्हणाला, "ने की. बांबू नेणाऱ्यालाही असेच वाटले असेल. एक काठी, तिने काय होते?"

मुलगा गप्प झाला. त्याने तुकड्याकडे पाहिले, मग तो जेथून उचलला होता त्या खळग्याकडे.

"बाळ, कपाटात हे एक सुंदर खापर होईल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "येथे, याच थरात, याच्या शेजारच्या वस्तूंबरोबर ते सापडले, तर येथे कोण राहत होते, कोणत्या काळी, आणि कोणाशी त्यांचा व्यापार होता, हे सांगू शकेल. जाणता माणूस येईपर्यंत ते येथेच असले पाहिजे."

मुलाने खापर पूर्वीच्या खळग्यात, पूर्वीच्याच बाजूने ठेवले. मग वही काढून त्याचे चित्र काढले. जवळच्या विहिरीपासून पावले मोजली आणि तो आकडा चित्राखाली लिहिला. हा कागद संशोधकांकडे पाठविण्याचे गुरुजींनी मान्य केले.

दुपारी भरती लागली. खारा वारा समुद्रावरून आत वाहू लागला, आणि सकाळी ज्या पाण्याने खाली आणले तेच पाणी नावेला वर घेऊन निघाले. तांडेलाने रेवदंड्यात एक नवा बांबू विकत घेतला होता. ते वळण येताच त्याने नाव थांबविली, काठीने पाण्याचा ठाव घेतला व जागा नक्की केली. बांबू सरळ धरण्याचे काम पेणच्या मुलाकडे आले. खलाशांनी तो ठोकून पक्का बसविला. संध्याकाळच्या उजेडात त्याचे टोक लांबवरून दिसत होते. पुढल्या ओहोटीला या वाटेने येणाऱ्या नावेस आता खोल पाणी शोधावे लागणार नव्हते.