चार बाय पाचचा कॅमेरा घेताना

पुणे

चि. अनिरुद्ध यास,

तुझे पत्र पावले. चोरबाजारातील त्या सागवानी कॅमेऱ्याचे, त्याच्या पितळी पट्ट्यांचे आणि तांबड्या चामडी भात्याचे वर्णन तू इतक्या रसिकतेने केले आहेस की, खरेदीचा निश्चय आधी करून मगच तू माझा सल्ला मागितला असावास, असा मला दाट संशय येतो. तरीही विचारलेच आहेस म्हणून स्पष्ट लिहितो: तो घेऊ नयेस. अशा जुन्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे हाफ प्लेट वा फुल प्लेट या मापांचे असतात. काचेच्या प्लेटांचा जमाना सरला आणि त्या मापांची शीट फिल्म आज सहजासहजी मिळत नाही. सबब दिवाणखान्याची शोभा म्हणून मागितलेली किंमत वाजवी असेलही, परंतु छायाचित्रणाचे साधन म्हणून ती खासच नव्हे. जी फिल्म सुलभतेने मिळते तिचे माप, म्हणजे ४ बाय ५ इंच, आधी कायम करावे. ते लहान वाटण्याचेही कारण नाही, कारण तुझ्या ३५ मिलिमीटरच्या चौकटीहून त्याचे चित्रक्षेत्र सुमारे १३ पट भरते.

दुसरे असे की, या जातीच्या कॅमेऱ्यात पुढे भिंग, मागे फिल्म आणि मध्ये अंधार राखणारा भाता, एवढाच काय तो प्रपंच असल्यामुळे, भिंगाने पाडलेल्या प्रतिमेत लाकडाच्या जातीने वा नाममुद्रेने कणभरही भर पडत नाही. म्हणून रकमेचा मोठा हिस्सा भिंगासाठी राखून ठेवून उरलेल्यात कॅमेरा बसवावा. लोक याच्या नेमके उलट करतात.

तुझ्या मित्राने क्राउन ग्राफिक सुचविला, तो अगदीच अप्रयोजक नाही. ग्राफ्लेक्स कंपनीचा हा कॅमेरा १९४७ ते १९७३ या काळात निघत असे, आणि त्याचा वडीलबंधू जो स्पीड ग्राफिक, त्यावरच जो रोझेन्थल यांनी १९४५ साली इवो जिमावरील ध्वजारोहण टिपले. मिटला म्हणजे पेटीसारखा होतो, धक्के सोसतो, आणि ज्याला डोंगर चढायचे आहेत त्याला मी तोच घ्यायला सांगेन. परंतु तुला हवे आहे सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर. शिखर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर रोखला की उभ्या रेषा माथ्याशी एकमेकींकडे झुकतात आणि देवालय मागे कलल्यासारखे दिसते. यावर उपाय एवढाच की, फिल्मचे प्रतल भिंतीला समांतर ठेवून भिंगाची पाटी तेवढी वर सरकवावी. क्राउन ग्राफिकमध्ये ही सरक मुळातच बेताची, आणि उभ्या चित्रासाठी कॅमेरा आडवा पाडल्यावर तर तीही आडव्या दिशेला वळते.

याकरिता तू मोनोरेल घ्यावास, असे माझे मत आहे. एका दांड्यावर पुढची व मागची चौकट सरकते, झुकते, वळते. कॅलुमेट, कॅम्बो, टोयो, सायनर यांपैकी जो निर्दोष मिळेल तो चालेल. स्टुडिओंनी फिल्म सोडल्यापासून ही जड, बोजड धुडे पुष्कळ स्वस्त झाली आहेत, आणि मंदिराच्या आवारापर्यंत जर तू मोटारीनेच जाणार असशील, तर वजनाची तक्रार मला तरी पटत नाही.

भिंग १५० मिलिमीटरचे घे, कारण या मापाला तेच साधारण दृष्टीचे होय. मात्र ते चौकट जेमतेम भरणारे नसावे, नाहीतर पाटी वर सरकवताच कोपरे काळे पडतील. श्नायडरच्या १५० मिलिमीटर सिमार-एसचे प्रतिमावर्तुळ, भिंग f/२२ पर्यंत मिटवले असता, सुमारे २१० मिलिमीटरचे पडते, म्हणजे पाटी सरकवायला पुरेसा वाव राहतो.

व्यवहार पुरा करण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी धरून प्रत्येक घडी, विशेषतः कोपरे, नीट न्याहाळ. सूक्ष्म छिद्रातूनही प्रकाश फिल्मवर उतरतो. शटर एका सेकंदावर लावून ऐक: जुने वंगण घट्ट झाले असले तर ते मध्येच अडखळते, आणि तसे झाल्यास दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून माग. फिल्म होल्डर किती देतो, तेही विचार. एकात दोनच तुकडे मावतात. भिंग कोपाल शून्य शटरमध्ये असेल, तर पाटीचे छिद्र ३४.६ मिलिमीटरचे आहे की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी मागवून मला कळव, म्हणजे पाटी वेगळी करवून घ्यावी लागेल किंवा कसे, ते ठरविता येईल.

तुझा,
काका