पंढरपूरची पाच अक्षरे

आमच्या गावच्या भजनी मंडळाचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही. ते सुरू होते आषाढात, आणि तेही कण्हत-कुथत. बेळगाव-खानापूरच्या या पश्चिम पट्ट्यात तेव्हा पाऊस कोसळत असतो, भाताच्या लावणीची घाई उडालेली असते. दिवसभर चिखलात वाकलेला माणूस संध्याकाळी टाळ हातात घेतो, तेव्हा त्याच्या मनगटाला आधी शेत आठवते आणि मग ठेका. सर्द हवेने पखवाजाचे कातडे सैल पडते. डाव्या तोंडाला कणीक लावून वाद्य सुरात आणेपर्यंत अर्धा तास निघून जातो. आषाढीला आमच्यातले दोघे-तिघेच पंढरपूर गाठतात. बाकीच्यांची पंढरी गावच्या देवळातच.

मी पेशाने मुख्याध्यापक. मंडळात माझे काम टाळ धरण्याचे आणि जमाखर्च लिहिण्याचे. जमेच्या बाजूला दक्षिणा, सप्त्याची वर्गणी आणि कोणी नवसाचे दिलेले नारळ. खर्चाच्या बाजूला पखवाजाची दुरुस्ती, चहा, साखर. पण वहीत न मांडता येणारा एक खर्च गेली काही वर्षे वाढत चालला होता. आवाज कमी होत होते. वर्षाला एखादा म्हातारा जायचा आणि तरणी पोरे पुण्याला, गोव्याला नाही तर बेंगळुरूला. रूपाच्या अभंगाने सुरुवात आणि पसायदानाने शेवट हा क्रम चुकला नव्हता, पण बुवांनी चरण टाकला की मागून उचलून धरणारी फळी विरळ झाली होती.

अशा वेळी तीन वर्षांपूर्वी श्रावणात तीन मुले देवळात येऊन बसू लागली. एकाचे घर सगळे मराठी, शिक्षण कन्नड शाळेत. दुसऱ्याचे वडील मराठी, आई कन्नड. तिसऱ्याच्या घरी कन्नडच, पण शेजार मराठी असल्यामुळे मराठी बोलणे आपसूक आलेले. तिघांचे आवाज स्वच्छ होते. महिनाभर ती नुसती ऐकून मागे म्हणायची. मग एका एकादशीला तिघांनी वह्या आणल्या. अभंग तुकोबांचे, नामदेवांचे. अक्षरे मात्र कन्नड.

बुवांनी एक वही हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. "मास्तर, ह्ये काय बघा की. तुकाराम हाय म्हणतात ह्यात."

सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना पुढचे सांगायला नको. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्याकडे लिपी ही नुसती लिपी राहिलेली नाही. दुकानाची पाटी, सातबारा, शाळेचा दाखला, बसवरचे गाव, प्रत्येक ठिकाणी अक्षर पाहून माणूस सावध होतो. २०१४ साली सरकारी कागदांवर बेळगावचे बेळगावी झाले. आमच्या तोंडी बेळगावच राहिले. तेव्हा मंडळातले एक ज्येष्ठ टाळकरी उठून म्हणाले, "आज वही कानडी, उद्या अभंग कानडी." त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, धास्ती होती, आणि ती निराधार आहे असे मराठी शाळा चालवणाऱ्या माणसाने तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? माझ्याच शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांची एक झालेली मी पाहिली आहे. मराठी घरातले मूल बाळबोध वाचल्यावाचून मोठे होते, ही गोष्ट मला लागते. पण लागते म्हणून त्या मुलाला देवळाच्या पायरीवरून परत पाठवायचे, हे गणित मला पटेना. मी एवढेच म्हटले, "वही मिटून म्हणायला लावा. मग ठरवा."

बुवा विचार करून म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू."

भाद्रपदात घरोघरी भजन असते. तिथे त्या मुलांच्या अडचणी उघड्या पडल्या. कन्नड लिपीत ळ आहे, जोडाक्षरे आहेत, अडचण तिथे नाही. अडचण आपल्या च, ज, झ या अक्षरांत आहे. आपण 'चांदणे' आणि 'चंद्र' यांतले दोन च वेगवेगळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच. मराठी मुलाला तो भेद आईच्या तोंडून कळतो. कन्नडमध्ये तो नाहीच, त्यामुळे ही मुले 'माझा' मधला झ 'माझी'तल्या झ-सारखा ठासून म्हणायची आणि बायका पदराआड हसायच्या. 'ज्ञानदेव' म्हणताना आपला 'द्न्य' व्हायच्या ऐवजी 'ग्न्य'कडे झुकायचे. आणखी एक गंमत. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे. कोणत्या शब्दाला कोणता लावायचा, यावर तिघांच्या तीन वह्यांत तीन पाठभेद! बुवा मुलांना समोर बसवून एकेक शब्द दहा-दहा वेळा म्हणून घेत. चिडत, पण सोडत नसत. शिकवताना माणूस ज्याच्यावर चिडतो त्याला त्याने मनातून स्वीकारलेले असते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असते.

कोजागिरी झाली आणि काकडा सुरू झाला. पहाटे साडेचारला, थंडीत, आदल्या दिवशीचे शेतकाम अंगात घेऊन येणारी माणसे थोडीच. तिन्ही मुले रोज हजर. त्या पहाटेच्या शांततेत, टाळ अजून मंद असताना, एक गोष्ट बुवांच्या कानांनी टिपली.

अभंग हा अक्षरांवर मोजायचा छंद. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण. लहान अभंगात बहुधा आठ-आठ. लघू-गुरूची भानगड नाही, पण प्रत्येक अक्षर पुरते म्हटले पाहिजे. आणि आपण तर बोलताना अक्षरे गिळतो. 'विठ्ठल' लिहितो तीन अक्षरांचा, बोलतो दोन अक्षरांचा. 'पंढरपूर' तर आपण पं-ढर्-पूर् असे तीन ठोक्यांत उरकतो. अभंगात त्याची अक्षरे पाच, आणि पाचही लागतात. माझ्या शाळेतल्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून दाखवतो, तरी स्नेहसंमेलनात ती शेवटचे अक्षर खातात आणि उरलेली जागा स्वर ओढून भरून काढतात. या तीन मुलांना कोणी काही सांगितले नव्हते. कन्नड शब्द बहुधा स्वरात संपतो. तोंडाला तीच सवय. त्यामुळे ती सरळ पं-ढ-र-पू-र म्हणायची. अक्षर न् अक्षर सुटे, आणि चरण काठोकाठ भरलेला.

बुवांनी हात वर करून टाळ थांबवले आणि म्हाताऱ्या टाळकऱ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलासा? अक्षर गिळत न्हाईत ही पोरं. माझ्या गुरूनं मला ह्याच्यासाठी थोबाडीत मारलंया."

त्या दिवसापासून वह्यांचा विषय कोणी काढला नाही.

याच कार्तिकात कनकदासांची जयंती येते, शाळांना सुट्टी असते. त्या संध्याकाळी मुलांनी दासांचे एक कन्नड पद म्हणण्याची परवानगी मागितली. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. पुरंदरदासांची पदे 'पुरंदर विठ्ठल' या मुद्रेने संपतात. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ सालच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाने या दैवताची दक्षिणेकडची पाळेमुळे किती खोल आहेत ते दाखवले. गदगला जन्मलेल्या भीमसेन जोशींनी संतवाणी आणि दासवाणी दोन्ही त्याच गळ्याने गायिल्या. हे सगळे मला सांगता आले असते, पण सांगावे लागले नाही. धास्ती बोलून दाखवणारे तेच ज्येष्ठ टाळकरी म्हणाले, "म्हणू द्या एक. विठ्ठल तोच हाय न्हवं?" एक पद झाले. पुन्हा अभंग सुरू झाले. त्यांची ती 'उद्या अभंग कानडी'ची धास्ती तीन वर्षांत खरी झालेली नाही.

सुगी आटोपली की माघात आमचा सप्ताह. सात दिवस विणा खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस पहारे. रात्री दोन ते चारचा पहारा पूर्वी कोणीतरी कुरकुरत घ्यायचा. आता ही मुले आपणहून घेतात. चौथ्या रात्री मी देवळात डोकावलो, तेव्हा विणा त्या कन्नड घरातल्या मुलाच्या गळ्यात होती. समोर वही नव्हती. ज्ञानदेवांचा हरिपाठ तो तोंडपाठ म्हणत होता.

फाल्गुनात तुकाराम बीज झाली आणि बुवा आजारी पडले. बरे झाले, पण आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. मग उन्हाळ्यात त्यांनी मोठ्या मुलाला बोलावले आणि त्यांच्या गुरूकडून आलेले, छापील गाथ्यातल्यापेक्षा थोडे वेगळे पाठ आणि त्यांच्या चालींच्या खुणा एका जाड वहीत उतरवून घ्यायला लावल्या. दीड महिना हे काम चालले. बुवांची सही कशीबशी येते, म्हणून लिपीची अडचण त्यांना नव्हती. अडचण मला आहे. आमच्या मंडळाची सगळी मिळकत आज ज्या एकाच वहीत आहे, ती कन्नड लिपीत आहे.

ती वही मी बाळबोधीत उतरवायला घेतली आहे. तो मुलगा वाचतो, मी लिहितो. मध्येच तो विचारतो, "सर, हा च कुठला?" मी सांगतो, आणि तो माझ्या वहीतले अक्षर नीट निरखतो. त्यातूनच भजनाआधी अर्धा तास तिघांना बाळबोध शिकवण्याचा पायंडा पडला. दोघांना आता सावकाश वाचता येते. तिसरा अजून 'श' आणि 'ष' यांत अडतो.

लिपीचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. तीन मुलांनी तो सुटत नसतो, आणि शाळेतल्या तुकडीचे दुःख देवळात फिटत नाही. पण भाषा आधी कानात शिरते, मग जिभेवर रुळते आणि शेवटी कागदावर उतरते. कागद हातातून गेला म्हणून आपण जीभही सोडून देणार असू, तर दोष कोणाला द्यायचा? हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या देवळात काकडा सुरू असेल. पहाटे साडेचारला दार उघडे असते. वही कोणत्या लिपीत आहे हे कोणी विचारणार नाही. अक्षर गिळले, तर मात्र बुवा तुम्हाला सोडणार नाहीत.