पुरावा प्रयोगशाळेच्या आधी

डीएनए अहवाल आला की गुन्ह्याचा उलगडा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. या शास्त्राची झेप पाहता तो स्वाभाविकही आहे. १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी जनुकीय ठसा शोधला, तेव्हा तपासणीला रक्ताचा बऱ्यापैकी मोठा डाग लागे. आज विडीच्या थोटकावरल्या लाळेतून माणसाची ओळख पटते. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुससारख्या ठिकाणच्या खटल्याचे भवितव्य नागपूरच्या प्रयोगशाळेतले यंत्र ठरवत नाही. नमुना कोणी उचलला, कसा उचलला आणि तो किती दिवस कुठे पडून होता, यावर ते ठरते.

इथले हवामानच पाहा. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मागोमाग दमट पावसाळा येतो. रक्ताने भिजलेला सदरा ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, की आत पाणी सुटते, जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. तोच सदरा सावलीत वाळवून कागदी लिफाफ्यात ठेवला तर दीर्घकाळ टिकतो. जंगलातल्या नमुन्याची तऱ्हा आणखी वेगळी. कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतली ह्युमिक आम्ले डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआरची प्रक्रियाच अडवतात. माणूस मारणारा वाघ नेमका कोणता, हे जखमेच्या कडेला लागलेल्या लाळेवरून सांगता येते, पण मृतदेह धुण्याआधी तिथे कापसाचा बोळा फिरवलेला असेल तरच. २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातलेल्या पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीवर तेरा मृत्यूंचा ठपका होता. डीएनएचा दुवा जुळला तो त्यांतल्या काहींशीच. ताडोब्याच्या भोवती, जिथे एकाच शिवारात दोन-तीन वाघ फिरतात, तिथे ही उणीव निरपराध जनावराला आणि धास्तावलेल्या गावालाही महागात पडते.

यावर कोणी म्हणेल, की नवी तंत्रे जीर्ण हाडातूनही डीएनए काढतात, मग लिफाफ्याची एवढी काळजी कशाला? माझ्या मते तंत्र जितके सूक्ष्म, तितकी ही काळजी वाढवायला हवी. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका खुनात मृताच्या नखांवर ज्याचा डीएनए सापडला, तो माणूस त्या रात्री रुग्णालयात दाखल होता. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला हाताळले, तेच पुढे घटनास्थळी गेले होते. निरपराध असून तो काही महिने तुरुंगात राहिला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: तांत्रिक त्रुटींवर बोट ठेवून न्यायालये गुन्हेगारांना सोडतात. ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मुक्त केले. नमुने पाठवायला झालेला विलंब आणि मधल्या काळातल्या ताब्याचा न लागणारा हिशेब, ही त्यातली मोठी कारणे होती. या निकालाची चीड मी समजू शकतो. पण तो नमुना दूषित झाला नाही, हे छातीठोकपणे कोण सांगणार होते? त्या चिमुरडीचा घात न्यायालयाने केला नाही, ढिसाळ तपासाने केला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी दंडक घातला: डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोचवायचा आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला, याची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवायची. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या पावसाळ्यात, रस्ते बंद असताना हे पाळणे सोपे नाही. म्हणूनच पुढचा निधी नव्या यंत्रांच्या आधी पोलीस ठाण्यांकडे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयांकडे वळवावा. प्रत्येक ठिकाणी नमुन्यांसाठी एक वेगळा फ्रीज आणि नमुने हाताळायला शिकलेला एक माणूस, एवढे शासनाने चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना द्यावेच.