चैत्रातली फूट

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि वसंतात आपणहून फुटते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पाऊस सरला की गोडी छाटणी. पहिलीतून काडी मिळते, दुसरीतून घड. नाशिक-सांगलीकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जव्हारकडच्या आमच्या वांगणीत मात्र परसात द्राक्ष लावलंय म्हटलं की माणसं आधी हसतात, मग मांडवाखाली येऊन बघतात. इथे वाडी म्हणजे आंबा आणि काजू, अलीकडे मोगरा. जव्हारचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, आणि द्राक्षाला एवढा पाऊस सोसत नाही. तेव्हा हसणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. घरामागच्या मुरमाड उतारावर बांबू-तारेचा मांडव आणि त्यावर थॉमसन जातीच्या चार-पाच वेली, एवढाच माझा पसारा. विकण्याइतका माल येणार नाही, तो बेतही नाही.

या वेलींची खरी जाणकार शेजारच्या पाड्यावरची मावशी. भात-नागलीची कामं उरकली की इथली बरीच घरं जगायला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी मोखाडा-त्र्यंबक ओलांडून दिंडोरी-निफाडच्या बागांत. मावशीचं अर्धं आयुष्य छाटणी, विरळणी आणि घड संजीवकाच्या पाण्यात बुडवण्यात गेलं. ओझरला १९२५ च्या सुमारास द्राक्षं लागली, तिथपासूनचा नाशिकचा इतिहास बागायतदारांच्या नावांनी सांगितला जातो. पेठ, सुरगाणा, हरसूल, मोखाड्याकडून जीपमध्ये कोंबून आलेली माणसं त्यात कुठे सापडत नाहीत. मला द्राक्ष कळलं ते त्यांच्यातल्याच एकीकडून.

खरड छाटणी आम्ही मार्चच्या अखेरीस उरकतो. पलीकडे नाशिकच्या बागांत एप्रिलात केली तरी निभावतं, इथे नाही. पुढचा घड डोळ्याच्या आत धरतो तो छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान, आणि तेव्हा काडीवर लख्ख ऊन हवं. मेच्या अखेरीस आमच्याकडे आभाळ भरून यायला लागतं. छाटणी लांबली तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी निघते आणि वर्ष फुकट जातं. मागच्या सगळ्या काड्या काढून ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या जाड फांदीवर, प्रत्येकीचा एकच डोळा राखायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वेल मारून टाकली असंच वाटतं.

उन्हाने ओलांडा तापला की डोळे मागेपुढे फुटतात. ते एकसारखे यावेत म्हणून त्यावर पाणी शिंपडायचं असतं. पण एप्रिलातलं पाणी हा इथे भांडणाचा विषय. विहिरीवर हंड्यांची रांग असताना द्राक्षाला पाणी घालणं मला जमत नाही. बुंध्यांना मिळतं ते मोरीचं. ओलांड्याला तेवढं तांब्याभर चांगलं, तेही ऊन कलल्यावर.

आठ-दहा दिवसांत डोळा फुगतो. वरचं तपकिरी टरफल सुटतं, आत पांढुरकी लव दिसते, आणि एका सकाळी तिच्यातून घडी घातलेलं तांबूस पान डोकावतं. या पोंग्यावर टपलेला असतो उडद्या. उडदाच्या दाण्याएवढा चकचकीत भुंगेरा, पाठीवर काळसर ठिपके. दिवसा सालीखाली दडतो, रात्री कोवळा डोळा पोखरतो. म्हणून सुटलेली साल आधीच ओरबाडून काढायची. तरी उरलेल्यांसाठी मावशीची युक्ती आहे. तिन्हीसांजेला ओलांड्याखाली उलटी छत्री धरायची आणि तारेला हिसका द्यायचा. धक्का बसला की हे बेटे मेल्याचं सोंग घेऊन टपाटप पडतात. छत्रीतून थेट साबणाच्या पाण्यात. याच दिवसांत गावोगाव बोहाड्याची सोंगं नाचत असतात. रात्रभर ती बघून मावशी सकाळी उडदे मोजायला मांडवाखाली हजर.

बागांत डोळे एकदम फुटावेत म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते हाताळून कुणी दारू प्यायला बसला की तोंड लालबुंद होतं आणि छाती धडधडायला लागते. शरीर दारू पचवत असताना हे रसायन ती क्रिया मधेच अडवतं. मावशीने असे दोन-चार जण झोपडीत तळमळताना पाहिलेत. हातमोजे मागितल्याशिवाय मिळत नाहीत, असंही ती सांगते. माझ्या मांडवात ती बाटली येणार नाही. चार डोळे मागे राहिले तर राहू देत.

फूट पाच-सहा पानांची झाली की विरळणी. एका डोळ्यातून दोन फुटी आल्या तर एक जाणार. माझा हात अडतो, तिचा नाही. "गुरुजी, दया नको करू. दाटलं की ऊन नाही, ऊन नाही तर घड नाही." सात पानांवर शेंडा खुडायचा. मग निघालेल्या बगलफुटींपैकी सगळ्यात वरची तेवढी पुढे चालू ठेवायची, बाकीच्या काढायच्या. ही झाली सबकेन. काडी खालून तपकिरी पडू लागली की निम्मी काळजी मिटते, कारण पिकलेली काडी पावसात टिकते. कोवळीवर करपा आणि केवडा तुटून पडतात.

पावसाआधी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्दोकडे वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत. त्या वेलींवर केवडा येत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं. माझ्याकडे जूनमध्ये चोरण्यासारखं काहीच नसतं, तरी मांडव निळा करावाच लागतो, आणि सर धुऊन गेली की पुन्हा.

यंदा भातलावणीला जाण्याआधी मावशीने प्रत्येक काडी बोटांनी चाचपली. पश्चिमेकडच्या दोन बारीक राहिल्यात, त्यांच्यावर दिवाळीत घड धरायचा नाही, असं तिचं म्हणणं. मी मान डोलावली आहे. एकीवर धरणार आहे, तोवर मावशी निफाडला गेली असेल.